चार्जिंगची गन, पाटाचं पाणी आणि शेजाऱ्याचा हक्क

"चाचा, झाली का नमाज? काही घाई नाही, निवांत होऊ द्या."

माणगावच्या अलीकडे, मुंबई-गोवा महामार्गावरच्या एका हॉटेलच्या आवारात एका तरुणाने आम्हाला हे विचारलं. आवाजात राग अजिबात नव्हता. त्याची गाडी आमच्या गाडीच्या मागे उभी होती. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर एक लहान मूल झोपलेलं होतं. त्याच्या गाडीत 9 टक्के बॅटरी उरली होती आणि त्याला चिपळूणला जायचं होतं. तिथला चालू असलेला एकच चार्जर आमच्या गाडीला लावलेला होता, आणि पडद्यावर आकडा दिसत होता 100.

आम्ही "हो, हो, झाली" म्हणालो, गन काढली, गाडी बाजूला घेतली. तो "थँक्यू चाचा" म्हणाला.

खरी गोष्ट अशी की नमाजला आम्हाला दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती. प्रवासात असल्यामुळे जोहरच्या चारऐवजी दोन रकात फर्ज. बाकीची चाळीस मिनिटं गेली ती चहात आणि गावाकडचे एक ओळखीचे गृहस्थ भेटले त्यांच्याशी गप्पांत. पण आमच्या डोक्यावर टोपी होती, म्हणून त्या भल्या माणसाने समजून घेतलं की हे नमाजला गेले असतील. आणि आम्ही त्याला तसंच समजू दिलं. आमच्या गप्पांचा उशीर नमाजच्या नावावर जमा झाला. खेडला पोहोचेपर्यंत, आणि त्यानंतरही बरेच दिवस, ही गोष्ट मनातून गेली नाही. हा लेख त्यातूनच आला.

आता आपल्या समाजातही इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या आहेत. टॅक्सीवाले घेतायत, गावाला ये-जा करणारी कोकणातली कुटुंबं घेतायत. महाराष्ट्र सरकारच्या 2025 च्या धोरणाने मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक चारचाकींना टोलमाफी जाहीर केल्यापासून "घेऊ या का?" असं विचारणारे आम्हालाच शाळेत दोन-तीन सहकारी भेटले. गाडी कशी निवडावी हे सांगणारे खूप आहेत. पण रस्त्यावर चार माणसांत एक चार्जर वाटून कसा घ्यायचा, हे कुणी सांगत नाही. ते आपल्याला येतं असं प्रत्येकाला वाटतं. आम्हालाही वाटत होतं.

पेट्रोल पंपाची सवय इथे चालत नाही

पेट्रोल पंपावर कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, कारण तिथे गरजच पडली नाही. पाच मिनिटांत टाकी भरते, आणि नळी गाडीत लावून कुणी वडापाव खायला जात नाही. गेला तर मागचे हॉर्न वाजवून त्याला परत आणतील.

चार्जरवर मात्र गाडी सोडून जाणं हे साहजिकच आहे. साधारण मध्यम आकाराच्या गाडीला 10 वरून 80 टक्क्यांवर जायला महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर पाऊण ते एक तास लागतो. एवढा वेळ उन्हात कोण उभा राहील? माणूस जेवतो, नमाज पढतो, पाय मोकळे करतो. यात काही चूक नाही. चूक सुरू होते गाडीचं काम संपल्यावर.

मुलांना देतो तसं एक गणित घालू. एकच गन आहे, पाच गाड्या आहेत, प्रत्येकीला 45 मिनिटं लागतात. पाचव्या माणसाचा नंबर तीन तासांनी लागेल. आता पुढच्या चौघांनी प्रत्येकी फक्त वीस मिनिटं उशिरा गाडी काढली, तर पाचव्याचे 80 मिनिटं जास्त गेले. त्या चौघांपैकी एकालाही वाटत नाही की आपण कुणाचे सव्वा तास खाल्ले. प्रत्येकजण म्हणतो, मी तर वीसच मिनिटं होतो.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत शहरात तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरवर एक चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. कोकणात गाडी चालवणाऱ्याला माहीत आहे की कागदावर स्टेशन असणं वेगळं आणि तिथे चालू गन मिळणं वेगळं. एक बंद, एकाची केबल तुटलेली, एक चालू, असं चित्र नवीन नाही. सुट्टीत, ईदच्या आदल्या दिवशी किंवा गणपतीत ती एक चालू गन म्हणजे उन्हाळ्यातली गावची विहीरच.

80 वर का थांबायचं

लोक म्हणतात, "पैसे मी भरतोय, 100 करीन नाहीतर 50." इथे थोडं विज्ञान समजून घेतलं तर बरं, कारण हा नियम कुणी हौसेने बनवलेला नाही.

शाळेच्या बसमध्ये मुलं चढतात ते आठवा. सुरुवातीची तीसेक मुलं धावत जाऊन मिळेल त्या सीटवर बसतात, अर्ध्या मिनिटात काम झालं. शेवटच्या सहा-सात मुलांना मात्र कुठे एखादी जागा उरलीय ते शोधत, दप्तरं सरकवत पुढे जावं लागतं. त्या वेळी दारातून ढकलाढकली केली तर कुणीतरी पडतं. लिथियम-आयन बॅटरीत साधारण असंच होतं. रिकाम्या बॅटरीत आयनांना जागा पटापट मिळते. सेलचा दाब वरच्या मर्यादेजवळ आला, बऱ्याच प्रकारच्या सेलमध्ये ही मर्यादा 4.2 व्होल्टच्या आसपास असते, की गाडीतलं नियंत्रण आपणहून करंट कमी करत जातं. जोर केला तर लिथियम धातूच्या रूपात आतल्या पट्टीवर साचतं आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून शेवटचे 20 टक्के रांगत येतात. 60 वरून 80 वर जायला पंधरा मिनिटं लागली असतील तर 80 वरून 100 ला त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ सहज जातो. तुम्ही तेवढाच वेळ अडवता, पण वीज मिळते फार कमी.

म्हणजे 80 नंतर आपण तसे रिकामेच बसलेले असतो, आणि मागच्याच्या 9 टक्क्यांच्या गाडीला त्याच वेळात 30-40 टक्के मिळाले असते.

याला अपवाद आहेत, आणि ते मान्य केले पाहिजेत. पुढे घाट आहे, पुढचा चार्जर बंद असल्याचं कळलंय, गाडीत आजारी माणूस आहे, तर 80 च्या पुढे थांबा. पण मग मागच्याला जाऊन सांगा, "भाऊ, मला 90 लागतील, अजून वीस मिनिटं." सांगितलं की तो वैतागणार नाही, किंवा वैतागला तरी पुढचा चार्जर गाठायचा की नाही ते ठरवू शकेल. काही गाड्यांच्या बॅटरीला अधूनमधून 100 टक्के करावं असं कंपनी सुचवते. ते घरी रात्री, साध्या प्लगवर करावं. महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर दुपारी एक वाजता नव्हे.

आणि प्रामाणिकपणे हिशेब करावा. त्या दिवशी आम्हाला माणगावपासून खेडपर्यंत शंभर किलोमीटरसुद्धा जायचं नव्हतं. गावी घरात पंधरा अँपिअरचा प्लग आहे. 70 टक्के खूप झाले असते. 100 आम्ही का केले? असंच. भरतंय तर भरू दे.

हर्राच्या पाटाचा निवाडा

आमच्या मते या सगळ्या प्रश्नाचं मूळ उत्तर मदिनेतल्या एका पाण्याच्या भांडणात सापडतं. सहीह बुखारीत ही घटना आली आहे. हर्रा नावाच्या खडकाळ भागातून येणाऱ्या पाटावर खजुरीच्या बागा भिजत. हजरत जुबैर (रजि.) यांची बाग वरच्या अंगाला, एका अन्सारी शेजाऱ्याची खालच्या अंगाला. शेजारी म्हणत होता, पाणी सोड, वाहू दे. प्रकरण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आलं. त्यांनी जुबैर (रजि.) यांना सांगितलं ते असं: आपली बाग भिजवून घ्या आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडा. शेजाऱ्याला हे आवडलं नाही. तो म्हणाला, हे तुमचे आत्तेभाऊ म्हणून असा निकाल दिलात. प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याचा रंग बदलला. मग त्यांनी जुबैर (रजि.) यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला, बांधापर्यंत पाणी चढेपर्यंत. हे माप पुढे घोट्यापर्यंत पाणी, असं धरलं गेलं.

यात आम्हाला तीन गोष्टी दिसतात. जो वर आहे, म्हणजे ज्याचा नंबर आधी, त्याचा हक्क आधी. मागच्याने गोंगाट केला म्हणून तो हक्क जात नाही. दुसरी, त्या हक्काला माप आहे. घोट्यापर्यंत पाणी आलं की बाग भिजली, आता पाणी खाली गेलं पाहिजे. "माझी पाळी आहे तोवर पाट माझा" असं नाही. आणि तिसरी गोष्ट शेजाऱ्याला लागू आहे: रांगेत उभं राहून समोरच्यावर आरोप करणाऱ्याने आपलंच नुकसान करून घेतलं. पहिला निवाडा त्याच्या जास्त सोयीचा होता.

अबू दाऊदच्या संग्रहात आलेली एक हदीस अशी आहे की पाणी, गवत आणि आग या तीन गोष्टींत मुसलमान एकमेकांचे भागीदार आहेत. चार्जरमधली वीज विकत घ्यावी लागते, त्यामुळे ही हदीस तिथे जशीच्या तशी लावता येईल असं आम्ही म्हणत नाही. तो उलेमांचा विषय. पण वाटेवर ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त पाणी आहे आणि जो ते मुसाफिराला देत नाही, त्याच्याबद्दलचा बुखारीतला कडक इशारा ज्याने वाचलाय, त्याला 100 टक्क्यांवर उभी असलेली गाडी पाहून काहीतरी टोचायला हवं. हुकूकुल्लाहची माफी अल्लाहकडे मागता येते. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांच्या हक्कांचं, ज्याचं नुकसान केलं त्याच्याशीच मिटवावं लागतं. आणि चिपळूणला गेलेल्या त्या तरुणाचं नावसुद्धा आम्हाला माहीत नाही.

गन, लाल बटण आणि हिरवी पाटी

आता थोडं कामाचं, कारण भांडणं बहुतेक अज्ञानातून होतात.

दुसऱ्याच्या गाडीची गन ओढून काढायचा प्रयत्न करू नये. आपल्याकडच्या कारना जो सीसीएस-2 प्लग लागतो तो चार्जिंग चालू असताना गाडीत लॉक होतो. काही गाड्यांत चार्जिंग संपल्यावरही मालकाने गाडी अनलॉक केल्याशिवाय तो सुटत नाही. जोर लावला तर पिन तुटते, आणि मग तुम्हीही गेलात, तोही गेला, मागचे सगळे गेले.

चार्जरवरचं मोठं लाल बटण समोरच्याचं चार्जिंग थांबवण्यासाठी नाही. धूर दिसला, ठिणगी उडाली, गाडी पाण्यात आहे, अशा वेळी ते दाबायचं असतं. ते दाबलं की नीट रीसेट केल्याशिवाय मशीन चालू होत नाही, आणि काही ठिकाणी त्यासाठी कंपनीच्या माणसाला फोन करावा लागतो. रागाने दाबलेलं हे बटण अख्खी रांग बंद पाडू शकतं. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

एका मशीनला दोन गन असतील तर बऱ्याच ठिकाणी ताकद वाटली जाते. 60 किलोवॉटच्या मशीनवर दुसरी गाडी लागली की दोघांना तीस-तीस. तेव्हा तुमचा वेग अचानक पडला तर शेजारच्याने काही खोडी केलेली नाही, त्याचा तो वाटा आहे. उलट काही लहान गाड्या तीस किलोवॉटच्या पलीकडे घेतच नाहीत. अशा गाडीवाल्याने शेजारी कमी ताकदीचा चार्जर मोकळा असेल तर तो घ्यावा, 120 वाला अडवू नये. त्याला काही फरक पडत नाही, मोठ्या गाडीवाल्याचा अर्धा तास वाचतो.

काम झालं की गन जागेवर टांगावी. पावसात चिखलात पडलेली गन, गुंडाळी न करता सोडलेली केबल, तिच्यावरून गेलेलं चाक, यामुळेच निम्मे चार्जर बंद पडतात की काय असं आम्हाला कधीकधी वाटतं. मशीन बिघडलेलं दिसलं तर त्यावरच्या नंबरला फोन करावा आणि ॲपवर तसं लिहावं. वाटेतून काटा उचलणं हा ईमानचा भाग आहे हे आपण मदरशात शिकलो. महाडला बसलेल्या माणसाला "तिथे जाऊ नका, बंद आहे" हे कळवणं म्हणजे काटा उचलणंच.

पेट्रोल-डिझेल गाडीवाल्यांसाठीही एक शब्द. इलेक्ट्रिक गाडीची नंबरप्लेट हिरवी असते, खासगी असेल तर पांढरी अक्षरं, टॅक्सी असेल तर पिवळी. ही पद्धत 2018 पासून आहे. तुमची पाटी हिरवी नसेल तर ती जागा तुमची नाही, सावली कितीही चांगली असो. जुम्याच्या वेळी "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे" म्हणत मशिदीजवळच्या चार्जिंगच्या जागेत गाडी लावून खुतब्याला बसणारे आपलेच भाऊ आहेत. आत इमामसाहेब शेजाऱ्याच्या हक्कावर बोलत असतील तर काय म्हणावं! चार्जिंग न करता हिरव्या पाटीची गाडी तिथे लावणंही त्याच हिशेबात येतं.

नंबर कुणाचा

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. चार्जरवर पेट्रोल पंपासारखी सरळ रांग लागतेच असं नाही. गाड्या कुठेकुठे उभ्या असतात आणि कोण आधी आला ते कुणालाच ठाम माहीत नसतं. म्हणून आल्या-आल्या गाडीतून उतरून विचारावं, "शेवटचा नंबर कुणाचा?" रेशनच्या दुकानात आपली आजी हेच विचारायची.

बुखारी आणि मुस्लिम दोन्हीकडे ही शिकवण आहे की बसलेल्या माणसाला उठवून त्याच्या जागी आपण बसू नये. मुस्लिममध्ये हेही आहे की जो जागेवरून उठला आणि परत आला त्याचा त्या जागेवर हक्क जास्त. तेव्हा कुणी रांगेत गाडी लावून पाणी आणायला गेला तर त्याचा नंबर गेला असं समजू नये. पण भाऊ मागून येतोय म्हणून आपली पेट्रोल गाडी चार्जरसमोर लावून जागा धरणं, हे यात कुठेच बसत नाही.

आपली बॅटरी 5 टक्के आहे म्हणून आपण पुढे, असाही नियम नाही. विनंती करता येते. हुकूम सोडता येत नाही. समोरच्याने "आधी मी" म्हटलं तर तो त्याचा हक्क आहे आणि तोंड वाकडं न करता मान्य करावा. दिला नंबर तर ती त्याची भलाई. आम्ही स्वतः एका ठिकाणी टॅक्सीवाल्याला पुढे जाऊ दिलं, कारण आम्ही सुट्टीवर होतो आणि त्याचा दिवस ताशी मोजला जात होता. पण टॅक्सीवाल्या बांधवांनाही सांगायचंय, चार गाड्यांनी मिळून दोन्ही गन दिवसभर आपसांत फिरवणं बरोबर नाही. घरच्या गाडीतला माणूस आपला शत्रू नाही.

आणि नमाज. सफरमध्ये सवलत आहे, कसर आहे. आपल्या कोकणातल्या शाफई मसलकात जोहर-असर जमा करायचीही मुभा आहे. गाडी लावली, वजू केलं, नमाज पढली, तर गाडी 80 वर येण्याच्या आत आपण परत आलेलो असतो. तेव्हा नमाज आणि चार्जर यांच्यात भांडण नाही. भांडण चहा आणि चार्जर यांच्यात आहे, आणि चहा गाडी बाजूला लावूनही पिता येतो.

त्या दिवसानंतर आम्ही एक पुठ्ठा गाडीत ठेवलाय. चार्जिंगला लावलं की तो काचेमागे ठेवतो. त्यावर मराठीत आणि खाली उर्दूत लिहिलंय: "80 वर काढणार आहे. घाई असेल तर फोन करा," आणि नंबर. एकट्या प्रवास करणाऱ्या भगिनींनी नंबर लिहू नये, "2.40 ला परत येते" एवढं लिहिलं तरी पुरे. मोबाइलवर 80 चा अलार्म ॲपमध्ये लावता येतो, तोही लावतो.

गेल्या महिन्यात परत मुंबईकडे येताना फोन वाजला. पलीकडून एक बाई बोलत होत्या. "अहो, तुमचं 74 झालंय. माझं 12 आहे आणि मला महाडलाच जायचंय, पंधरा मिनिटं मिळाली तरी चालतील." आम्हाला पनवेलपर्यंत 74 पुरणार होते. हातातला चहा अर्धा होता, तो तसाच घेऊन गाडीकडे गेलो.